मेक्सिकोच्या पठारावरचे पुसट स्वर

स्पॅनिशचे पाचही स्वर ठसठशीत, आघात असो वा नसो, अशी या भाषेची ख्याती आहे. मेक्सिको शहरातली बोली मात्र या ख्यातीला जुमानत नाही. तिथे ‘नोचेस’चे अनेकदा ‘नोच्स’ होते आणि ‘पुएस’चे नुसते ‘प्स’. गेल्या शतकात या पुसट स्वरांची जी कारणे सांगितली गेली, त्यांतले सर्वांत लोकप्रिय कारणच सर्वांत कच्चे होते. पेद्रो एन्रिकेस उरेन्या यांनी १९२१ मध्ये अमेरिका खंडातल्या स्पॅनिशचे पाच विभाग पाडले, तेही तिथल्या मूळ भाषांच्या आधारे. अशी चौकट तयार असल्यावर मेक्सिकोतले प्रत्येक वेगळेपण तिथल्या नाहुआत्ल या मूळ भाषेच्या खाती घालणे सोपेच होते. पीटर बॉइड-बोमन यांनी १९५२ मध्ये पठारावरच्या या स्वरलोपावर स्वतंत्र लेख लिहिला. पुढे दशकभराने हुआन लोपे ब्लांच यांनी कान देऊन तपासले, तेव्हा हा लोप समजला जातो तितका सरसकट नाही असे दिसले. तो मुख्यतः ‘स’च्या शेजारी होतो, आणि तोच माणूस तोच शब्द एकदा स्वर गिळून, एकदा पूर्ण उच्चारतो. मला हे निरीक्षण फार मोलाचे वाटते. स्वर बोलणाऱ्याच्या मनात शाबूत असल्याखेरीज तो असा परतणार नाही.

नाहुआत्लचे कारण कच्चे ठरवण्यावर आक्षेप येतो की एक्वादोर, पेरू, बोलिव्हियाच्या उंच प्रदेशांतही स्वर असेच पुसट होतात आणि तिथे केचुआ ही मूळ भाषा आहे. मग मूळ भाषांचा संबंध कसा नाकारायचा? पण केचुआ आणि नाहुआत्ल एकमेकींच्या नात्यातल्या नाहीत. या प्रदेशांना जोडते ती गोष्ट निराळी: इथला ‘स’ खणखणीत टिकून आहे. कॅरिबियन किनाऱ्यावर तो हकारासारखा होतो किंवा गळतो, आणि तिथे स्वर भरदार राहतात. अर्थात उत्तर स्पेनमध्येही ‘स’ टिकला आहे आणि स्वर तिथे सहसा असे पुसट होत नाहीत; म्हणजे ‘स’ पुरेसा नाही, हे मान्य करावे लागते. अँडीजमध्ये केचुआचा थोडा हातभार असूही शकेल. तरी ॲन मेरी डेलफोर्ज यांनी २००८ मध्ये पेरूतल्या कुस्कोच्या बोलीबद्दल जे मांडले ते ‘स’च्याच बाजूने जाते: तिथे आघातहीन स्वरांतला घोष जातो. अघोष ‘स’ म्हणताना स्वरतंतू कंप पावत नाहीत. तीच स्थिती शेजारच्या स्वरावर पसरली की तो कुजबुजीसारखा होतो. यात आळस नाही, अडाणीपणाही नाही. मेक्सिको शहरातले सुशिक्षित लोकही असेच बोलतात.