मोबाइलची शिडी आणि अभ्यासाची शिडी

करावे गावच्या गल्लीत संध्याकाळी फेरी मारली, की एक चित्र हमखास दिसते. ओट्यावर चार मुले बसलेली, चौघांच्या माना खाली, हातात मोबाइल. पण चौघेही एकाच खेळात. नेरुळ-सीवूड्सच्या इमारतींतली धुणीभांडी आटोपून किंवा कंपनीतली पाळी संपवून आलेले आईबाप कपाळाला हात लावतात. ‘पोरगं पुस्तक घेऊन दहा मिनिटं बसत नाही, मोबाइलवर मात्र तीन तास हलत नाही,’ ही तक्रार आम्ही घरोघरी ऐकतो.

तक्रार खरी आहे. पण तिच्यातच एक प्रश्न आहे. जे मूल तीन तास एका जागी बसते, त्याच्यात एकाग्रता आहेच. मग ती खेळाला सापडली आणि पुस्तकाला का सापडली नाही? मोबाइल हिसकावण्याआधी याचा विचार केला पाहिजे.

लिंबूटिंबूची युक्ती

आपल्या लहानपणी लगोरी, लपाछपी खेळताना धाकटे भावंड मागे लागायचे. त्याला हाकलून न देता आपण ‘लिंबूटिंबू’ म्हणून खेळात घ्यायचो. तो बाद झाला तरी त्याच्यावर राज्य यायचे नाही. तो मोठा झाला, की सवलत आपोआप संपायची. खेळणाऱ्याची ताकद पाहून खेळ सोपा-अवघड करायची ही आपली जुनी युक्ती.

मोबाइलचे खेळ हेच करतात, पण यंत्राच्या हिशेबाने. पहिली रीत गुणांकाची. बुद्धिबळात अर्पाद एलो या अमेरिकेतील प्राध्यापकांनी बसवलेली पद्धत जागतिक संघटनेने 1970 साली स्वीकारली. जिंकलात की गुणांक वाढतो, हरलात की घटतो, आणि आपल्याहून तगड्याला हरवले तर जास्त वाढतो. पुढे अनेक ऑनलाइन खेळांनी याच धर्तीवर हिशेब ठेवून तोडीस तोड गडी समोर आणायला सुरुवात केली.

दुसरी रीत ‘बॉट’ची. बॉट म्हणजे यंत्रानेच चालवलेला नकली खेळाडू. नवख्याने सारखा मार खाऊन खेळ सोडू नये, म्हणून त्याच्यासमोर असे गडी सोडतात. पबजीच्या कंपनीने आपल्या संगणकावरील खेळात बॉट आणत असल्याचे 2020 साली स्वतःच जाहीर केले होते.

तिसरी रीत नशिबाची. 2016 साली आलेला ‘लुडो किंग’ हा खेळ आपल्या नवी मुंबईतल्याच गेमेशन कंपनीचा. 2020 च्या टाळेबंदीत तो घरोघर पोहोचला. फाशाला शहाणा-अडाणी कळत नाही, म्हणून आजी आणि नातू दोघांनाही जिंकण्याची सारखीच आशा.

मूल काय शोधते?

सगळी मुले एकाच कारणाने खेळत नाहीत. अनेकांनी मिळून खेळायच्या संगणक-खेळांच्या आद्य निर्मात्यांपैकी एक, इंग्लंडचे रिचर्ड बार्टल, यांनी 1996 साली खेळाडूंचे चार प्रकार मांडले. कुणाला वरचा टप्पा गाठायचा असतो, कुणाला नवी जागा धुंडाळायची असते, कुणाला सोबत हवी असते, तर कुणाला दुसऱ्याला चीत करण्यातच मजा वाटते.

आपल्या मुलांच्या बाबतीत आम्ही आणखी एक गोष्ट सांगू. बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी निघालेल्या ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकात हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मजल्यांच्या मनोऱ्याची उपमा दिली होती. खालच्या मजल्यावरचा माणूस कितीही लायक असला, तरी त्याला वर जायला वाट नाही. खेळात मात्र शिडी आहे. तिथे आडनाव कुणी विचारत नाही, हवे ते नाव घेता येते आणि हाताच्या कसबावर पायरी चढता येते. बाहेर ज्याला आडनावावरून जोखले जाते, त्या मुलाला याचे मोल कळते.

शिडी कुणाची?

पण बंधू-भगिनींनो, ही शिडी कंपनीच्या मालकीची आहे. अनेक खेळांत ठरावीक महिन्यांचा ‘सीझन’ संपला, की खेळाडूला खाली उतरवतात आणि पुन्हा चढायला लावतात. वर नवा पोशाख, बंदुकीचा नवा रंग विकत घ्यायचा मोह. लिंबूटिंबूला आपण सांभाळून घ्यायचो, तो त्याने आपल्यात राहावे म्हणून. कंपनी मुलाला सांभाळते, ते त्याने पडद्यासमोर राहावे आणि खिसा मोकळा करावा म्हणून. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये संमत केला आहे. ‘शंभर लाव, हजार मिळव’ असे सांगणाऱ्यापासून मुलांना आणि मोठ्यांनाही दूर ठेवा.

वीणेची तार

भगवान बुद्धांनी सोण भिक्खूला वीणेचा दाखला दिला होता. सोण गृहस्थाश्रमात वीणावादक होता. भिक्खू झाल्यावर पाय रक्ताळेपर्यंत साधना करूनही फळ मिळेना, तेव्हा तो खचला. बुद्धांनी त्याला त्याच्याच अनुभवातून दाखवून दिले, की तार फार ताणली किंवा फार सैल सोडली, तर सूर लागत नाही. अभ्यासाचेही तेच आहे.

सातवीतल्या मुलाला भागाकार येत नसेल आणि आपण त्याच्यासमोर सातवीचेच गणित धरले, तर ती ताणलेली तार होय. तो दोन दिवसांत वही मिटतो आणि आपण त्याला ‘मठ्ठ’ म्हणून मोकळे होतो. त्याऐवजी तो जिथे आहे तिथून सुरुवात करा, मग तो दोनाचा पाढा असला तरी लाज नाही. रोज पाच गणिते द्या. चार येणारी, एक नवे. पाचवे सुटले, की शाबासकी द्या. चुकले, तर उद्या पुन्हा. खेळाने त्याला हेच देऊन जिंकले आहे.

मोबाइलची वेळ ठरवा, ती पाळायला लावा. पण एकदा त्याच्याशेजारी बसून, ‘तुला यात काय आवडतं?’ हेही विचारा. सोबत हवी असेल, तर विहारात संध्याकाळी अभ्यासवर्ग भरवा. दहावीच्या ताईने पाचवीच्या भावाला शिकवावे, लहानग्याला लिंबूटिंबू म्हणून सामावून घ्यावे. ज्याला वरची पायरी गाठायची हौस आहे, त्याची प्रगती भिंतीवरच्या तक्त्यावर लिहा. बाबासाहेबांनी शिक्षणाची शिडी आपल्यासाठी लावून ठेवली आहे. तिची पहिली पायरी मुलाच्या पायाला लागेल इतकी खाली आहे ना, एवढे आईबापांनी पाहायचे आहे.