दोन भावंडे, एकच माप

सांगलीच्या गणपती पेठेतील एक घर डोळ्यांपुढे आणावे. खाली किराणा मालाचे घाऊक दुकान, वरच्या मजल्यावर एकत्र कुटुंब. थोरली मुलगी सहा वर्षांची. गल्लीच्या टोकाला असलेल्या मराठी शाळेत पायी जाते, पहिलीत आहे. धाकटा अडीच वर्षांचा. जानेवारी उजाडला आणि त्याच्या शाळेचा विषय निघाला. शहराबाहेर मोठे आवार असलेली, बसने ने-आण करणारी, वर्षाला १ लाख रुपये शुल्क घेणारी शाळा आजोबांनी मनात नक्की केली होती. ‘‘पुढे पेढी त्यालाच पाहायची आहे,’’ असे त्यांचे म्हणणे.

सूनबाईंनी ताट वाढता वाढता विचारले, ‘‘अण्णा, मग थोरलीचं काय?’’

‘‘तिची शाळा चांगली आहे की. तिला कशाला हलवायचं?’’

‘‘चांगली असेल तर धाकट्यालाही तीच चालेल ना? आणि चांगली नसेल, तर तिला तरी तिथं का ठेवायचं?’’

अण्णांनी उत्तर दिले नाही. चाळीस वर्षे काट्यावर माल तोलणाऱ्या माणसाला एका दुकानात दोन काटे असू नयेत, हे सांगावे लागत नाही. असा प्रसंग आज आपल्या अनेक व्यापारी घरांत थोड्याफार फरकाने घडतो. कधी मुलगा आणि मुलगी असा भेद असतो, तर कधी पहिल्याच्या वेळी हात आखडलेला आणि दुसऱ्याच्या वेळी धंदा बहरलेला असतो. म्हणून भावंडांच्या शाळेचा निर्णय दोनदा वेगवेगळा न घेता, पहिल्या मुलाच्या प्रवेशाच्या वेळीच दोघांसाठी मिळून घेणे शहाणपणाचे ठरते.

भावंडांना प्राधान्य : हक्क नव्हे, प्रथा

‘मोठा तिथे आहे, म्हणजे धाकट्याला जागा मिळणारच,’ अशी पुष्कळ पालकांची समजूत असते. बऱ्याच खासगी शाळा भावंडांना प्राधान्य देतात, हे खरे. परंतु ते त्या शाळेचे धोरण असते, पालकांचा कायदेशीर हक्क नव्हे. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१० मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शाळेने आपले प्रवेशधोरण वाजवी निकषांवर ठरवून जाहीर करावे, असे अपेक्षित आहे. म्हणून पहिल्या मुलाचा अर्ज भरतानाच माहितीपुस्तिकेत भावंडांविषयी काय लिहिले आहे, हे वाचावे. नसेल तर लेखी विचारावे. प्राधान्य म्हणजे जागेची हमी, की केवळ सोडतीत वेगळा गट, हेही स्पष्ट करून घ्यावे. प्राधान्यासाठी अर्जाची मुदत अनेकदा वेगळी आणि लवकरची असते. ती चुकली की धाकट्याचे नाव सर्वसाधारण रांगेत जाते.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ चा. त्याच्या तेराव्या कलमानुसार प्रवेशासाठी कॅपिटेशन शुल्क घेता येत नाही आणि मुलाची किंवा पालकांची चाळणी लावणारी परीक्षा अथवा मुलाखतही घेता येत नाही. कॅपिटेशन शुल्क घेतल्यास त्या रकमेच्या दहापटींपर्यंत दंड होऊ शकतो; चाळणी लावल्यास पहिल्या वेळी २५ हजार आणि पुढील प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत. महाराष्ट्रात तर कॅपिटेशन शुल्काला मनाई करणारा कायदा १९८७ पासून आहे. मात्र २००९ चा कायदा मुख्यत्वे ६ ते १४ वयोगटासाठी आहे आणि प्रत्यक्षात खासगी शाळांतील बहुतेक जागा नर्सरीतच भरतात. पहिलीत शिल्लक राहते ती कोणी सोडून गेलेल्याची जागा. धाकट्याची वेळ चुकवू नये, ती याच कारणाने.

जैन समाजाच्या शाळांबाबतही एक गैरसमज आहे. जानेवारी २०१४ मध्ये जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अल्पसंख्याक शाळांना हा शिक्षणहक्क कायदा लागू होत नाही, असा निर्णय दिला. त्या निर्णयाचा फेरविचार व्हावा, यासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये तो विषय सरन्यायाधीशांपुढे ठेवण्यात आला आहे. परंतु याचा अर्थ समाजाच्या शाळेत समाजाच्या प्रत्येक मुलाला आपोआप जागा मिळते, असा होत नाही. तेथेही अर्ज, मुदत आणि जागांची संख्या यांनाच महत्त्व आहे. विश्वस्तांची ओळख कागदपत्रांची जागा घेऊ शकत नाही.

तारीख आणि दाखला

राज्यात प्रवेशाच्या वयासाठी ३१ डिसेंबर ही तारीख धरली जाते. त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला ज्याची तीन वर्षे पूर्ण होतात, तो जूनमध्ये नर्सरीस पात्र. सहा वर्षे पूर्ण होतात, तो पहिलीस. ३१ डिसेंबर २०२२ रोजी जन्मलेले मूल जून २०२५ मध्ये नर्सरीत जाऊ शकत होते; दुसऱ्याच दिवशी, १ जानेवारी २०२३ रोजी जन्मलेल्या मुलाला जून २०२६ ची वाट पाहावी लागते. भावंडांतील अंतर वर्षांत मोजावयाचे की इयत्तांत, हे या एका तारखेवर ठरते. दोघांच्या जन्मतारखा समोर ठेवून कोण कोणत्या वर्षी कोणत्या वर्गात असेल, याचा तक्ता एका कागदावर करून ठेवावा.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्माचा दाखला हाच शाळाप्रवेशाच्या वेळी जन्मतारखेचा पुरावा ठरला आहे. दाखल्यात मुलाचे नाव नसेल, तर नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून घालता येते. आपल्या घरांत आणखी एक अडचण हमखास आढळते. थोरल्याच्या दाखल्यावर आडनाव ‘शहा’, धाकट्याच्या दाखल्यावर ‘जैन’. एका ठिकाणी आईचे माहेरचे नाव, दुसऱ्या ठिकाणी सासरचे. घरात या गोष्टीला महत्त्व नसते. शाळेच्या टेबलावर मात्र ही दोन मुले भावंडे आहेत, हे सिद्ध करणे कठीण होते. दोन्ही दाखले शेजारी शेजारी ठेवून आई-वडिलांची नावे अक्षराअक्षराने जुळतात का, हे अर्जाच्या वर्षभर आधी तपासावे. दुरुस्तीला वेळ लागतो.

त्याच बैठकीत शाळेची मान्यता पाहावी. मान्यतेविना शाळा चालविण्यास कायद्याने मनाई आहे. शाळेचा अकरा अंकी यूडायस क्रमांक आणि शाळा सीबीएसईची असल्यास मंडळाची संलग्नता तपासून घ्यावी. फलकावर काय रंगविले आहे, यापेक्षा हे आकडे अधिक बोलतात.

शुल्काची बेरीज

व्यापारी माणूस मालाची खरेदी करताना वाहतूक, हमाली, तोलाई आणि घट धरून भाव काढतो. शाळेच्या बाबतीत मात्र तो पहिल्या वर्षाचा आकडा ऐकून होकार देतो. प्रत्यक्ष हिशेब असा मांडून पाहावा. पहिलीचे शुल्क वर्षाला ५० हजार रुपये आणि ते दर वर्षी ८ टक्क्यांनी वाढेल, असे धरू. पहिली ते दहावी या दहा वर्षांत एका मुलाचे सुमारे ७ लाख २४ हजार रुपये होतात. तीन वर्षांनी लहान असलेले भावंड पहिलीत येईल, तेव्हा शुल्क ६३ हजारांच्या घरात गेलेले असेल. त्याची दहा वर्षे सुमारे ९ लाख १२ हजारांची. दोघांचे मिळून सुमारे १६ लाख ३७ हजार. पूर्वप्राथमिकची वर्षे, बस, गणवेश आणि पुस्तके यात धरलेली नाहीत.

यातील सात वर्षे दोन्ही शुल्के एकत्र भरावी लागतात. थोरले दहावीत असेल त्या वर्षी प्रत्येकाचे शुल्क सुमारे १ लाख, म्हणजे घरातून एका वर्षात जवळजवळ २ लाख रुपये जातील. पहिल्या मुलाच्या वेळी सहज परवडलेली शाळा दुसऱ्याच्या वेळी डोईजड होते आणि मग ‘हिला जवळच्या शाळेत घालू’ असा निर्णय घेतला जातो, त्याचे मूळ या न केलेल्या बेरजेत असते.

आता अण्णांच्या मनातील शाळा घ्यावी. शुल्क आज १ लाख, वाढ तीच ८ टक्के. तीन वर्षांनी पहिलीत जाणाऱ्या एकट्या नातवाची दहा वर्षे सुमारे १८ लाख २५ हजार रुपयांची होतात. म्हणजे ५० हजारांच्या शाळेत दोघांना शिकविण्यास जेवढे लागतात, त्यापेक्षा अधिक रक्कम एका मुलावर खर्च होते. ‘दोघांना परवडत नाही’ हे वाक्य उच्चारण्यापूर्वी ही बेरीज करावी.

पैशांच्या वेळेचाही विचार हवा. शुल्क भरावयाचे एप्रिल ते जूनमध्ये. दुकानात त्या दिवसांत रक्कम बहुधा मालात आणि उधारीत अडकलेली असते. दिवाळीच्या हंगामातील नफ्यातून शुल्काची रक्कम वेगळी काढून मुदत ठेवीत ठेवावी, किंवा धाकट्याच्या जन्मापासूनच आवर्ती ठेव सुरू करावी. दरमहा ३ हजार रुपयांप्रमाणे तीन वर्षांत १ लाख ८ हजार रुपये मुद्दलच जमते आणि त्यावर व्याज मिळते. पेढीच्या खात्यातून भरलेले शुल्क हा धंद्याचा खर्च नव्हे. ती मालकाची उचल होय. जुनी करप्रणाली निवडणाऱ्यास शिकवणी शुल्कावर दोन मुलांपर्यंत वजावट मिळते. ती विमा, भविष्य निर्वाह निधी आदींसह दीड लाख रुपयांच्या एकूण मर्यादेत बसते. देणगी, विकास निधी आणि बसभाडे यांना ती लागू नाही. तसेच हिंदू अविभक्त कुटुंबाला ती घेता येत नाही. ज्याच्या नावाने वजावट घ्यावयाची, त्यानेच शुल्क भरून पावती जपावी. आणि पावती न देता रोख ‘देणगी’ मागणाऱ्या शाळेत पुढची दहा वर्षे आपले काय होईल, याचा अंदाज त्या पहिल्या मागणीवरूनच बांधावा.

एक शाळा की दोन?

भावंडे एका शाळेत असण्याचे फायदे उघड आहेत. एकच बस, एकच सुटी, पालकसभेसाठी दुकान एकदाच बंद ठेवावे लागते. पुस्तके आणि गणवेश खाली उतरतात. बसमधून उतरताना धाकट्याचा हात थोरलीच्या हातात असतो आणि आईचा जीव खाली पडतो. संध्याकाळी दोघे एकाच वेळी परतत असतील, तर सूर्यास्तापूर्वीचे जेवणही सर्वांचे एकत्र होते.

परंतु त्यात तोटाही आहे. ‘तुझी ताई पहिली यायची,’ हे वाक्य शिक्षकांच्या तोंडून वर्षानुवर्षे ऐकणारे मूल शाळेलाच कंटाळते. एखाद्या मुलाला लहान वर्ग हवा असतो, एखाद्याला मोठे मैदान. एखाद्याची गती घरच्या भाषेत अधिक चांगली असते. सेमी इंग्रजीसारखा मधला मार्ग पुष्कळ शाळांत उपलब्ध आहे. म्हणून दोन मुलांसाठी दोन शाळा निवडणे हा अन्याय नव्हे. त्या निवडीचे कारण त्या मुलाच्या गरजेत सापडले पाहिजे. ‘तो मुलगा आहे’ किंवा ‘ती दुसऱ्या घरी जाणार आहे’ ही कारणे त्या कसोटीला उतरत नाहीत. भगवान आदिनाथांनी आपल्या कन्या ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंकविद्या शिकविली, असे आपली परंपरा सांगते. पुत्रांना विद्या दिली आणि कन्यांना जवळची शाळा दाखविली, असे ती सांगत नाही.

थोरल्या मुलाला मध्येच दुसऱ्या शाळेत न्यावयाचे झाल्यास शाळा सोडल्याचा दाखला त्वरित देणे मुख्याध्यापकांवर बंधनकारक आहे. मात्र नव्या शाळेतील जागा निश्चित झाल्याखेरीज जुनी सोडू नये.

गणपती पेठेत

अण्णांनी त्या रात्री बेरीज स्वतः केली. दुसऱ्या दिवशी दुकान मुलावर सोपवून ते सूनबाईंबरोबर तीन शाळा पाहून आले. तिसरी सेमी इंग्रजी, शुल्क मधले, घरापासून दोन किलोमीटरवर. नर्सरीत जागा होत्या, दुसरीत नव्हती. सूनबाईंचा चेहरा उतरला. ‘‘धाकट्याचा भरून टाकू का?’’ त्यांनी विचारले.

‘‘दोन्ही अर्ज एकदमच देऊ,’’ अण्णा म्हणाले, ‘‘आणि दोन्हींवर भावंड म्हणून एकमेकांची नावं लिहा. तिचं नाव प्रतीक्षायादीत राहू दे. या वर्षी नाही, तर पुढच्या वर्षी तिसरीत. तोवर आपल्या गल्लीची शाळा आहेच.’’

दोन्ही अर्जांवर त्यांनी आजोबा म्हणून सही केली. पोच म्हणून मिळालेल्या दोन पावत्या एकाच टाचणीने जोडून त्यांनी खिशात ठेवल्या.