एका नावाखाली अनेक दालने

पाकिटावर पत्ता लिहिणे हा प्राथमिक शाळेतील नेहमीचा पाठ आहे. पत्त्यात प्रथम व्यक्तीचे नाव, नंतर गाव, तालुका व जिल्हा येतो. टपाल वर्गीकरण करणारा मात्र तो खालून वर वाचतो. इंटरनेटवरील पत्त्याची रचनाही अशीच असून तो उजवीकडून डावीकडे वाचावा लागतो.

विकिपीडिया या ज्ञानकोशाचे उदाहरण घ्यावे. त्याचा आरंभ २००१ साली व मराठी आवृत्तीचा २००३ साली झाला. मराठी आवृत्तीचा पत्ता ‘एमआर.विकिपीडिया.ऑर्ग’ व हिंदीचा ‘एचआय.विकिपीडिया.ऑर्ग’ असा आहे. यांतील ‘विकिपीडिया.ऑर्ग’ हे मुख्य नाव, म्हणजे डोमेन. त्याच्या डावीकडील भाषेचे चिन्ह म्हणजे सबडोमेन. मुख्य नाव एकदा नोंदविले, की त्याखाली सबडोमेन निर्माण करण्याचा अधिकार त्या धारकाकडेच राहतो.

हे कार्य कसे चालते?

नावावरून संगणकाचा क्रमांक शोधून देणारी व्यवस्था १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी मांडली. तिच्यात अनेक नावांना एकच क्रमांक देता येतो. मग एकाच ठिकाणी आलेल्या मागण्यांची निवड कशी होते? वाचकाचा ब्राउझर मागणीबरोबर मूळ नावही कळवितो. १९९७ सालच्या नियमावलीने हे नाव कळविणे आवश्यक ठरविले. शाळेत आलेल्या टपालाच्या गठ्ठ्यातून मुख्याध्यापक नाव पाहून पत्रे वाटतात, तद्वत सर्व्हर नाव पाहून मागणी योग्य दालनाकडे पाठवितो. विकिपीडियाच्या सर्व आवृत्त्यांची यंत्रसामग्री सामायिक आहे. परंतु प्रत्येक भाषेचा लेखसंग्रह स्वतंत्र आहे.

लाभ व दक्षता

दालने वेगळी ठेवल्याने एकात दुरुस्ती चालू असता दुसरे सुरू ठेवता येते. ब्राउझरही प्रत्येक सबडोमेन स्वतंत्र मानतो व एका दालनाने साठविलेली माहिती सामान्यतः दुसऱ्यास वाचू देत नाही. तथापि ओळख पटविणारी खूण, म्हणजे कुकी, मुख्य नावासाठी दिली तर ती सर्व दालनांत पोहोचते. म्हणून एक दालन दुर्लक्षित राहिले, तर त्याचा उपद्रव शेजारच्या दालनांसही होऊ शकतो. बंद केलेल्या दालनाची नोंद तशीच राहिल्यास ती रिकामी जागा परक्याच्या हाती जाण्याचाही संभव असतो.

शिक्षकांच्या हाती मुलांची नावे, जन्मतारखा व पालकांची माहिती विश्वासाने सोपविलेली असते. ती कोठेही भरण्यापूर्वी पत्त्यातील पहिल्या तिरप्या रेषेच्या आधीचा भाग उजवीकडून वाचावा. ‘विकिपीडिया.ऑर्ग.अमुक.कॉम’ या पत्त्याचा धनी विकिपीडिया नसून ‘अमुक.कॉम’ आहे. डावीकडे कोणीही कोणतेही नाव लावू शकतो. ‘गव्ह.इन’ने संपणाऱ्या शासकीय पत्त्यात या दोन पदांच्या लगत डावीकडील पद पाहावे. खाते अनेकदा त्यावरून कळते.

वर्गात करून पाहण्याजोगे

फळ्यावर चार पत्ते लिहावेत. त्यांपैकी एक फसवा असावा. प्रत्येकाचा धनी कोण, हे मुलांनी उजवीकडून वाचून सांगावे. पाकिटाचा पाठ ज्यांना आला आहे, त्यांना हा पाठ जड जाणार नाही.