बैलाचा खांदा व जखमांची निगा

पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलाच्या खांद्यास तूप-हळद चोळण्याची आपली चाल जुनी आहे. परंतु ज्या खांद्यावर संसार चालतो त्याची विचारपूस वर्षांतून एकदां करून भागत नाहीं. ज्यांच्या दावणीस बैलजोडी आहे त्यांनीं जूं उतरतांच खांद्यावरून हात फिरवावा, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. जखमेवर काय लावावें हा प्रश्न दुसरा. जखम कोणत्या स्थितींत आहे हा पहिला.

खांदा सुजणें.— उन्हाळाभर बसलेला बैल पहिल्या पावसाबरोबर दिवसभर जुंपणें, जोडींतील बैल उंचीनें विषम असणें, जूं खडबडीत किंवा ओलें असणें, गाडी धुरजड भरणें, हीं याचीं मुख्य कारणें होत. आरंभीं सूज गरम व दुखरी असते. त्याच वेळीं काम थांबवून थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्या. कातडें फाटलेलें नसल्यास मॅग्नेशियम सल्फेट ग्लिसरीनमध्यें कालवून लेप द्यावा. तशाच खांद्यावर पुन्हां जूं ठेवल्यास आंत पू धरतो किंवा कठीण गांठ बनते, व पुढें शस्त्रक्रियेवांचून गत्यंतर उरत नाहीं.

पाहणी.— उघड्या जखमेचा तळ तांबडा, ओलसर व दाणेदार असेल तर ती भरत आहे. तिला केवळ स्वच्छ राखावें. पिवळा थर, पू व दुर्गंधी असल्यास ती नासत आहे. काळें, बधिर कातडें म्हणजे मेलेला भाग. सूज पसरत असेल, ताप असेल, जनावरानें वैरण टाकली असेल, अथवा पंधरा दिवसांत जखम लहान झाली नसेल, तर पशुवैद्यास बोलवावें. अंगभर गांठी येऊन फुटत असतील तर ती साधी जखम नव्हे. २०१९ सालीं भारतांत आढळलेला व २०२२ सालीं महाराष्ट्रांत फैलावलेला लम्पी चर्मरोग असूं शकेल. जनावर वेगळें बांधून तत्काळ दवाखान्यास कळवावें.

उपचार.— उकळून निवविलेल्या १ लिटर पाण्यांत ९ ग्रॅम मीठ विरघळवून त्यानें जखम धुवावी, भोंवतालचे केस कापावे व पोव्हिडोन आयोडीन लावावें. राख, शेण, चुना, जळकें तेल व तीव्र फिनाईल यांनीं जखम दूषित होते अथवा नवें मांस जळतें.

अळ्या.— माशीनें जखमेच्या कडेस घातलेल्या अंड्यांतून दिवसाच्या आंत अळ्या निघून मांसांत शिरतात. टर्पेंटाईनचा बोळा थोडा वेळ जखमेंत ठेवून वर आलेल्या अळ्या चिमट्यानें एकूणएक काढाव्या व जखम पुन्हां मिठाच्या पाण्यानें धुवावी. डोळ्याजवळ टर्पेंटाईन वापरूं नये. काढलेल्या अळ्या जाळाव्या. मातींत पडल्यास त्यांच्या पुन्हां माशा होतात. पिकावरील कीटकनाशक जखमेंत घालणें तर जिवावर बेतणारें आहे, कारण तें रक्तांत भिनतें.

भाजणें.— भाजलेल्या भागावर लागलीच वीस मिनिटें थंड पाणी सोडावें. फोड फोडूं नये. फोड व वेदना असल्यास भाजणें वरवरचें, कातडें पांढरें, चिवट व बधिर झाल्यास खोल समजावें. दुखत नाहीं म्हणून बरें आहे ही समजूत घातक होय. माणसांसही हाच नियम लागू आहे.

विश्रांति.— पेरणीची वाफ निघून जाते म्हणून दुखऱ्या खांद्यावर जूं ठेवण्याचा मोह आम्ही जाणतों. पण चार दिवसांची ओढ पुढें महिन्याची खोळंबणूक करते. शिवाय जखमेमुळें निकामी झालेलें जनावर कामास जुंपणें हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वयें गुन्हा आहे. यास्तव प्रत्येक गांवीं शेतकऱ्यांनीं आपसांत सावड ठरवून, ज्याचा बैल दुखावला असेल त्याची पेर इतरांच्या जोडीनें उरकून द्यावी. खांद्यास याहून उत्तम मलम नाहीं.