साठीनंतरचा हिशोब (भाग ५) : पहिल्या दहा वर्षांचा पीएफ

बुलढाण्यात डिसेंबर २०१८ मध्ये निवृत्तांचं साखळी उपोषण सुरू झालं. मागणी होती दरमहा किमान ७,५०० रुपये पेन्शन आणि त्यावर महागाई भत्ता. ही मंडळी ‘ईपीएस-९५’वाली, म्हणजे १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतली. साखर कारखान्याचे कामगार, एसटीचे चालक-वाहक, सहकारी बँकांतले कारकून, एमआयडीसीतले फिटर-टर्नर, सगळे याच एका योजनेत मोडतात. योजनेतली किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये ठरली, १,००० रुपये. ती ३,००० करावी, असं भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या समितीनं २०१३ मध्येच सुचवलं होतं. पुढे कोश्यारी महाराष्ट्राचे राज्यपाल झाले, पायउतारही झाले. ३,००० चा आकडा अहवालात राहिला.

पेन्शन इतकी तुटपुंजी का, हे पगाराच्या पावतीवरच कळतं. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेवर १२ टक्के कामगाराचे कापले जातात, तेवढेच मालक भरतो. पण मालकाचे सगळे पैसे पीएफच्या खात्यात जात नाहीत. त्यातले ८.३३ टक्के पेन्शनकडे वळतात, तेही १५,००० रुपयांच्या पगारमर्यादेपर्यंतच. म्हणजे महिन्याला फार तर १,२५० रुपये. निवृत्तीच्या वेळी शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार घ्यायचा, त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि ७० नं भागायचं. पगार १५,००० आणि नोकरी ३५ वर्षं धरली, तर उत्तर येतं ७,५००. वीस वर्षं पूर्ण केलेल्यांना दोन वर्षं जादा धरतात, त्यानं सव्वाचारशेची भर पडते. मर्यादेऐवजी पूर्ण पगारावरच्या वाढीव पेन्शनचा पर्याय ज्यांना मिळाला ते सोडले, तर बुलढाण्यातले आंदोलक किमान म्हणून जे मागत होते, जवळपास तेच या सूत्रात पस्तीस वर्षं राबलेल्याच्या वाट्याला येतं. वर ही रक्कम एकदा ठरली की महागाईबरोबर वाढत नाही.

तेव्हा खासगी नोकरदाराची खरी पुंजी पीएफच.

या पुंजीला गळती लागते ती तिशी-पस्तिशीत. पुण्यातली नोकरी सोडून माणूस नाशिकला जातो, किंवा कंपनी बंद पडते. हातात रिकामा महिना असतो, समोर लग्न असतं किंवा बदलापूरच्या फ्लॅटचं डाउन पेमेंट असतं. जुना पीएफ नव्या खात्यात वळवण्यापेक्षा काढून घेणं सोपं वाटतं. ‘नवीन कंपनीत परत साठेलच की,’ असं घरातलं कुणीतरी म्हणतंही. त्यात तथ्य आहे, साठतो. पण काढलेला भाग किती मोठा होता, हे त्या वेळी कुणाच्या लक्षात येत नाही.

हिशोब मांडून पाहावा. तेविसाव्या वर्षी नोकरीला लागलेल्या मुलाचा पीएफ १५,००० च्या मर्यादेवरच कापला जातो. अनेक खासगी कंपन्या तेवढाच कापतात. त्याचे १,८००, मालकाच्या वाट्यातले पेन्शन वजा जाता उरलेले ५५०, मिळून महिन्याला २,३५०. वर्षाचे २८,२००. रक्कम शेवटपर्यंत तेवढीच राहिली आणि २०२४-२५ चा ८.२५ टक्के व्याजदर कायम राहिला, तर अठ्ठावन्नाव्या वर्षी खात्यात सुमारे ५१ लाख जमतात.

आता हे ५१ लाख फोडून पाहू. पहिल्या दहा वर्षांत भरले गेले २ लाख ८२ हजार. तेहतिसाव्या वर्षी व्याजासकट ते ४ लाख १३ हजारांच्या आसपास जातात. या रकमेला हात लावला नाही, तर उरलेल्या पंचवीस वर्षांत तिचे एकटीचे सुमारे ३० लाख होतात. नंतरच्या पंचवीस वर्षांत भरलेले सात लाख पाच हजार मात्र २१ लाखांच्या थोडे पुढेच पोचतात. डाउन पेमेंटला दिलेल्या चार लाखांची किंमत अशी तीस लाख पडते. त्या चार लाखांतून डोक्यावर छप्पर आलं असेल, तर सौदा वाईट म्हणता येणार नाही. पण तेच पैसे मोटरसायकल, मोबाईल आणि कार्डाची थकबाकी यांत गेले असतील, तर त्याला नाइलाज म्हणणं जड जातं.

पैसे काढताना दुसरी चूक नकळत होते. सायबर कॅफेतला किंवा ओळखीचा एजंट फॉर्म १९ आणि फॉर्म १०-सी दोन्ही एकदम भरून देतो. पहिला फॉर्म पीएफचा. दुसऱ्यानं पेन्शनचे पैसे काढले, तर तोवरची सेवेची वर्षंही पुसली जातात. ईपीएसची पेन्शन मिळायला दहा वर्षांची सेवा लागते. सात वर्षांनी एकदा आणि आठ वर्षांनी पुन्हा १०-सी भरून पैसे उचलणारा पंधरा वर्षं नोकरी करूनही पेन्शनविना राहतो. शिवाय पाच वर्षांच्या आत पीएफ काढला, तर काही अपवाद सोडता त्यावर प्राप्तिकर लागतो. ते पाच वर्षांचं गणितही खातं वळवत नेलं, तर एका नोकरीवरून दुसरीवर जोडलं जातं.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा अनुभव इथे फारसा उपयोगी नाही. १९८९-९० पासून १९९९-२००० पर्यंत पीएफवर १२ टक्के व्याज मिळत होतं, पीपीएफवरही तेवढंच. त्या काळात ज्यांची पुंजी फुगली, त्यांना वेगळं काही करावंच लागलं नाही. २०२१-२२ मध्ये पीएफचा दर ८.१ टक्क्यांवर आला, चाळीसहून अधिक वर्षांतला नीचांक. पीपीएफ एप्रिल २०२० पासून ७.१ वर आहे.

आणि ५१ लाखांचा आकडा वाचून सुखावलेल्यांसाठी एक वाईट बातमी. महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर पस्तीस वर्षांनंतरचे ५१ लाख म्हणजे आजचे पावणेसात लाखही नाहीत. त्या वेळच्या पेन्शनचे ७,५०० म्हणजे आजचे हजारही नाहीत. पगारमर्यादा २०१४ नंतर अकरा वर्षं हलली नाही. पुढे ती वाढली, तर हे चित्र थोडं बदलेल. पण तिच्या भरवशावर राहण्यापेक्षा पगारवाढीबरोबर स्वेच्छेनं जादा पीएफ कापून घेण्याची, म्हणजे व्हीपीएफची, सोय आहे. कामगाराचा स्वतःचा वाटा मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १०० टक्क्यांपर्यंत नेता येतो. वर्षाला अडीच लाखांपुढच्या वाट्यावरचं व्याज करपात्र असतं, हे लक्षात ठेवलं म्हणजे झालं.

एवढं करून पैसे हातात आले की मराठी घरात एक नियम आपोआप लागू होतो: व्याज खायचं, मुद्दलाला हात लावायचा नाही. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एप्रिल २०२३ पासून ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६१,५०० येतात, महिन्याचे २०,५००. मुद्दल कागदावर शाबूत. पण ६ टक्के महागाईत बारा वर्षांनी त्याच २०,५०० मध्ये निम्माच किराणा येतो, आणि ३० लाखांचीही ताकद निम्मीच उरते. म्हणजे हात न लावताही मुद्दल खाल्लं जातंच.

विल्यम बेंगन या अमेरिकी सल्लागारानं १९९४ मध्ये याच्या उलट बाजूनं विचार केला. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के काढायचे आणि पुढे दरवर्षी ती रक्कम महागाईइतकी वाढवायची. असं केलं तर पैसे तीस वर्षं टिकतात, असं त्याला तिथल्या १९२६ पासूनच्या आकड्यांत दिसलं. त्यासाठी निम्मी किंवा जास्त पुंजी शेअर्समध्ये ठेवावी लागत होती. व्याजदर, महागाई आणि बाजार वेगळे असल्यानं हे चार टक्के इकडे जसेच्या तसे उचलता येत नाहीत. पण पहिल्या वर्षांत कमी काढायचं, हा त्यातला भाग पोस्टाच्या खात्यालाही लागू पडतो. साठीपासून महिन्याच्या २०,५०० पैकी १४,००० घरखर्चाला घेतले आणि ६,५०० आवर्ती ठेवीत टाकले, तर बहात्तराव्या वर्षी खर्च दुप्पट झाल्यावर मोडायला काहीतरी असतं. अर्थात १४,००० मध्ये महिना काढता आला पाहिजे. कित्येकांना तो काढता येत नाही, कारण तेहतिसाव्या वर्षीच पीएफ काढून झालेला असतो.

पुढच्या भागात : ज्यांना पीएफच नाही अशा दुकानदार, रिक्षावाले आणि शेतकऱ्यांसाठी एनपीएस आणि अटल पेन्शन.