तफ्सीर
कुराणाचे अर्थविवरण करणारे शास्त्र व त्यानुसार रचलेले भाष्य. मूळ अरबी धातूचा अर्थ उलगडून सांगणे असा आहे. मुहंमद पैगंबरांच्या हयातीत शंकानिरसन त्यांच्याकडूनच होई. नंतर ते कार्य त्यांचे सहकारी व पुढे विद्वान यांच्याकडे आले. परंपरागत कथनांवर आधारलेले आणि तर्काला प्राधान्य देणारे असे तफ्सीरचे दोन प्रकार मानतात. पहिल्यात अल्-तबरी (८३९–९२३) आणि दुसऱ्यात फख्रुद्दीन राझी यांची भाष्ये अग्रगण्य होत. ही विभागणी मात्र काटेकोर नव्हे. तबरीही भिन्न मते नोंदवून स्वतःचा कौल देतो.

आधुनिक वादाचे स्वरूप एका उदाहरणावरून स्पष्ट होते. चौथ्या सूरेतील तिसऱ्या वचनात, अनाथांच्या संदर्भात, चार स्त्रियांपर्यंत विवाहाची अनुज्ञा आहे. मात्र समन्यायाने वागता येणार नाही अशी भीती असल्यास एकच पत्नी करावी, असे तेथेच म्हटले आहे. त्याच सूरेतील १२९ वे वचन सांगते, की कितीही इच्छा असली, तरी पत्नींमध्ये समभाव राखणे पुरुषाला शक्य होणार नाही. पूर्वीच्या धर्मशास्त्रज्ञांच्या मते पहिला न्याय अन्नवस्त्र, निवास व सहवास यांविषयीचा, तर दुसरे वचन प्रेमाविषयीचे. त्यामुळे अनुज्ञा अबाधित राहते. ईजिप्तचे मुफ्ती मुहंमद अब्दुह (१८४९–१९०५) यांनी दोन्ही वचने एकत्र वाचून बहुपत्नीत्व केवळ निकडीपुरते मर्यादित ठरविले. त्यांची प्रवचने त्यांचे शिष्य रशीद रिदा यांनी *अल्-मनार* या नियतकालिकातून प्रसिद्ध केली. ट्युनिशियाने १९५६ च्या कायद्याने बहुपत्नीत्वावर बंदी घातली, तेव्हा याच युक्तिवादाचा आधार घेण्यात आला. त्यावरील आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नाही : १२९ वे वचन पुढे एकीकडेच पूर्णपणे झुकून दुसरीला अधांतरी ठेवू नका, असे बजावते, म्हणजे एकाहून अधिक पत्नी ते गृहीतच धरते. केवळ शब्दार्थाने हा वाद मिटणारा नाही.

पाकिस्तानी विचारवंत फझलुर रहमान (१९१९–८८) यांनी म्हणूनच पद्धतीचा प्रश्न उपस्थित केला. वचन ज्या परिस्थितीत अवतरले ती जाणून त्यामागील नैतिक तत्त्व शोधावे आणि मग ते वर्तमानाला लावावे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. अनुज्ञा तत्कालीन समाजासाठी आणि न्याय हे मूळ उद्दिष्ट, असा त्यांचा निष्कर्ष. तत्त्व कोणते हे ठरविताना भाष्यकाराच्या स्वतःच्या आवडीनिवडी आत शिरतात, ही या पद्धतीतील खरी अडचण होय. अर्थात जुने भाष्यकारही तिच्यापासून मुक्त नव्हते. विरोधामुळे १९६८ मध्ये त्यांना इस्लामी संशोधन संस्थेचे संचालकपद सोडावे लागले. पुढे ते शिकागो विद्यापीठात अध्यापन करीत.

अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न ईजिप्तमध्ये न्यायालयातही गेला. कुराणाची भाषा ऐतिहासिक व साहित्यिक दृष्टीने अभ्यासणारे कैरो विद्यापीठातील प्राध्यापक नस्र हामिद अबू झैद (१९४३–२०१०) यांना १९९५ मध्ये अपील-न्यायालयाने धर्मत्यागी ठरविले. मुस्लिम स्त्रीचा विवाह धर्मत्याग्याशी टिकत नाही, या आधारे त्यांचा विवाह रद्दबातल झाला. पत्नीने मात्र त्यांची साथ सोडली नाही. दोघे हॉलंडला गेली व अबू झैद लायडन विद्यापीठात शिकवू लागले. १९९६ मध्ये वरिष्ठ न्यायालयानेही तो निर्णय कायम केला.