एका किकेतली वीज

टेबलावर जुनं फडकं अंथरलेलं आहे आणि त्यावर ठेवला आहे एक मॅग्नेटो. काळपट, तेलकट, उचलायला जड. त्याला बॅटरी जोडलेली नाही, घरातल्या विजेची वायरही नाही. त्यातून निघणाऱ्या जाड वायरचं टोक त्याच्याच धातूच्या अंगापासून दोन-तीन मिलिमीटरवर धरायचं आणि बाजूचं दातेरी चाक झटकन फिरवायचं. टक्! मधल्या फटीत निळी ठिणगी उडते. ऐंशी वर्षांपूर्वी बर्मिंगहॅममध्ये तयार झालेली वस्तू, त्यातली कित्येक वर्षं धूळ खात पडलेली, आणि आपल्या मनगटाच्या एका झटक्यावर ती हजारो व्होल्टांची वीज करून दाखवते.

या ठिणगीचं नवल मला अजून पुरतं सरलेलं नाही. जुनी ब्रिटिश मोटरसायकल घरच्या घरी पुन्हा सुरू करता येते ती मुख्यतः या गुणामुळे. सुरू व्हायला तिला बाहेरून पेट्रोल, हवा आणि माणसाचा एक पाय लागतो, बाकीचं ती आपलं आपण करते. ते कसं करते हे कळत गेलं, की कुठं काय बिघडलं असेल तेही कळत जातं.

उदाहरणाला बीएसए एम20 घेऊ. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, 1861 मध्ये त्या शहरातल्या बंदूक कारागिरांनी एकत्र येऊन काढलेली कंपनी. तिच्या मोटरसायकलींवरही तीन रायफली एकमेकींना टेकून उभ्या केल्याचं चिन्ह असे. एम20 आली 1937 मध्ये. 496 सीसीचा एकच सिलिंडर आणि ताकद जेमतेम 13 अश्वशक्ती. आजची दीडशे सीसीची गाडीसुद्धा एवढी ताकद देते. तरीही दुसऱ्या महायुद्धात अशा सुमारे 1 लाख 26 हजार गाड्या लष्कराला पुरवल्या गेल्या. नोव्हेंबर 1940 मध्ये स्मॉल हीथच्या कारखान्यावर बॉम्ब पडले, 53 कामगार मेले, आणि तरी गाड्या बनत राहिल्या. युद्ध संपल्यावर लष्कराने डिस्पोजलमध्ये काढलेल्या गाड्या जगभर पसरल्या. हिंदुस्थानातही कित्येक इथल्याच होऊन गेल्या. बीएसएचा कारभार 1970 च्या दशकात आटोपला. तिचं नाव 2016 मध्ये मुंबईच्या महिंद्रा समूहातल्या क्लासिक लेजेंड्सने घेतलं.

लष्कराला ही गाडी हवी होती ती तिच्या साधेपणासाठी. आजच्या इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनच्या डोक्यावर असतात. एम20 मध्ये ते सिलिंडरच्या शेजारी, तोंड वर करून उभे असतात. त्यामुळे वरचं हेड म्हणजे पातेल्यावरचं झाकण. बोल्ट सोडवा, झाकण उचला, की पिस्टन आणि दोन्ही व्हॉल्व्ह डोळ्यांसमोर. कॉम्प्रेशन अवघं पाचास एक, त्यामुळे हलकं पेट्रोलही चालायचं. रस्त्याकडेला बसलेल्या शिपायाला मोजक्या हत्यारांनी दुरुस्त करता यावी म्हणून केलेली ही योजना आज घरी बसून तेच करू पाहणाऱ्याच्या कामी येते.

वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीपाशी गेल्यावर पहिला मोह होतो किक मारून बघण्याचा. तो आवरायचा. या गाडीत तेल इंजिनाच्या तळाशी राहत नाही, वेगळ्या टाकीत राहतं. एक पंप ते टाकीतून इंजिनाला देतो आणि त्याहून मोठा दुसरा पंप तळाशी गोळा झालेलं तेल टाकीत परत पाठवतो. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली, की पंपाच्या दात्यांमधून तेल थेंबथेंब झिरपतं आणि टाकी रिकामी होऊन इंजिनाचा तळ भरतो. म्हणून आधी तळाचं तेल काढायचं. त्याबरोबर काळा गाळ आला तर तो खालीच बाहेर पडला याचं समाधान मानायचं, कारण हाच गाळ तेलाच्या बारीक वाटा बुजवतो.

वर सिलिंडरमध्ये वेगळंच संकट असतं. पिस्टनच्या रिंगा जिथं टेकून राहिल्या तिथं गंजाची कडी धरलेली असते. जोराने किक मारली तर रिंग मोडते नाहीतर सिलिंडरवर ओरखडा उठतो. त्यापेक्षा प्लग काढून आत पातळ तेल सोडायचं आणि दोन-चार दिवस विसरून जायचं. मग गाडी स्टँडवर घेऊन, वरचा गिअर टाकून, मागचं चाक हाताने हळूहळू पुढे-मागे करायचं. तळहाताला सगळं कळतं. सुरुवातीला चाक दगडासारखं असतं. मग केसभर हलतं, मग बोटभर, आणि एका क्षणी आतून एक ओला सुस्कारा येतो. पिस्टन सुटलेला असतो.

इथवर येईतो पान्यांनी एकदा तरी दगा दिलेला असतो. घरातल्या संचातला 13 चा पाना नटावर चढत नाही आणि 14 चा चढवला तर गोल फिरून नटाचे कोपरे मारतो. दोष पान्याचा नाही, नटाचं मापच वेगळ्या पद्धतीचं आहे. 1841 मध्ये जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने स्क्रूच्या आट्यांचं प्रमाण ठरवून दिलं. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत आणि एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसेल याची खात्री नसे. व्हिटवर्थच्या पान्यावर कोरलेला आकडा पान्याच्या तोंडाचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. पाव इंच लिहिलेल्या पान्याचं तोंड 13.3 मिलिमीटर भरतं, म्हणून आपला 13 चाही नाही आणि 14 चाही नाही. त्या मापाचा जुना पाना मिळवला, की तो नटावर असा बसतो की जणू दोघांची ऐंशी वर्षांची ओळख असावी.

आता पुन्हा टेबलावरच्या मॅग्नेटोकडे.

त्याच्या पोटात एक चुंबक आहे आणि चुंबकाच्या दोन टोकांमध्ये फिरणारी लोखंडी गाभ्याची गुंडाळी. गुंडाळीत तारेचे दोन थर आहेत: आत जाड तारेचे मोजके वेढे, त्यावर केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे. मायकेल फॅरडेने 1831 मध्ये दाखवून दिलं, की तारेभोवतीचं चुंबकत्व बदललं की तारेत वीज वाहू पाहते. बदल जितका झटपट तितका विजेचा दाब जास्त. गुंडाळी फिरते तसं तिच्या गाभ्यातलं चुंबकत्व उलटसुलट होतं आणि जाड तारेत प्रवाह वाहू लागतो. तो ऐन भरात असताना एका टोकाचे दोन छोटे धातूचे ठिपके, म्हणजे पॉइंट, एकमेकांपासून सुटतात. वाट एकाएकी तुटते, प्रवाह कोसळतो, आणि गाभ्यातलं चुंबकत्व क्षणार्धात उलटतं. या झटक्याचा परिणाम बारीक तारेच्या हजारो वेढ्यांवर एकाच वेळी होतो. प्रत्येक वेढ्याची थोडी थोडी वीज जमून हजारो व्होल्ट होतात आणि ती वीज प्लगच्या फटीतून उडी घेते.

पॉइंट किती उघडायचे? 0.3 मिलिमीटर. म्हणजे वहीची तीन-चार पानं एकावर एक ठेवली तर होईल तेवढे. साऱ्या गाडीचं चालणं या फटीवर अवलंबून आहे. बहुतेक वेळा मॅग्नेटो मेल्यासारखा वाटतो तो पॉइंटवर चढलेल्या ऑक्साइडच्या पातळ थरामुळे. बारीक पॉलिश पेपरची एक घडी, मग स्पिरिटमध्ये भिजवलेला पुठ्ठा, आणि फिलर गेजने फट तपासणं. कित्येकदा एवढ्यावर ठिणगी परत येते.

तरीही आली नाही, किंवा गार असताना आली आणि गाडी तापल्यावर नाहीशी झाली, तर संशय कंडेन्सरवर. पॉइंट सुटताना प्रवाह फटीवरून उडी मारू बघतो. कंडेन्सर त्याला क्षणभर स्वतःत सामावून घेतो, म्हणून वाट स्वच्छ तुटते. जुन्या कंडेन्सरचं इन्सुलेशन वयोमानाने ओल धरतं आणि विजेला गळती लागते. तो गुंडाळीच्याच टोकाशी दडलेला असल्यामुळे बदलायला मॅग्नेटो पूर्ण उघडावा लागतो. तेव्हा एक पथ्य पाळायचं. घोड्याच्या नालेसारख्या जुन्या चुंबकातून गुंडाळी काढली, की लगेच त्याच्या दोन टोकांवर लोखंडाचा तुकडा आडवा ठेवायचा. नाहीतर चुंबक बसल्या बसल्या दुबळा होतो.

मॅग्नेटो उघडल्यावर कधी कधी गुंडाळीवर काकवीसारखा चिकट, तांबूस थर ओघळलेला दिसतो. ती लाख आहे. त्या काळी तारांच्या वेढ्यांना इन्सुलेशन म्हणून लाखेचा लेप देत. ऊन, दमट हवा आणि वर्षं यांनी तो मऊ होतो आणि गुंडाळी बाजूच्या भिंतीला चिकटते. जगाला लागणारी बहुतेक लाख तेव्हा हिंदुस्थानातून जात असे. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर मिलिमीटरभर किडे बसतात, रस शोषतात आणि स्वतःभोवती हा राळेचा कोश करतात. आपल्याकडे तीच लाख बांगड्यांना आणि लाकडी खेळण्यांना लागली. बर्मिंगहॅममध्ये ती विजेला अडवायला बसली. पळसाच्या फांदीवरच्या किड्याचं काम एम20 च्या पोटात सापडतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

ठिणगी आली, आता तिला जाळायला काही हवं. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे 9 हजार लिटर हवा लागते. हे प्रमाण सांभाळायचं काम अमाल कंपनीच्या मुठीएवढ्या कार्ब्युरेटरचं. त्यातल्या पितळी जेटला एक भोक असतं आणि जेटवर एक आकडा. त्या जेटमधून मिनिटाला किती घनसेंटिमीटर पेट्रोल जातं ते तो आकडा सांगतो. एवढ्या बारकाईने पाडलेलं भोक साफ करायला तार घालू नये, कारण तारेने ते मोठं होतं आणि आकडा खोटा पडतो. पडून राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे व्हार्निशसारखा पिवळा थर ठेवतं. तो थिनरमध्ये भिजवून, हवेने फुंकून काढायचा. पेट्रोलची रबरी नळीही बदलायची. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला मऊ करतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं.

शेवटी टायमिंग. पिस्टन अगदी वर पोचल्यावर ठिणगी पडावी, असं साधं गणित आपल्याला सुचतं. पण आग लागायलाही वेळ लागतो. मिनिटाला 3 हजार फेऱ्या म्हणजे सेकंदाला 50. पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटून दाब चढायला सेकंदाचा पाचशेवा भाग लागला, असं धरू. तेवढ्यात क्रँक 36 अंश पुढे गेलेला असतो. म्हणून ठिणगी आधीच पडायला हवी. किक मारताना मात्र इंजिन सावकाश फिरत असतं. तेव्हा ठिणगी इतक्या लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनला उलटा तडाखा बसतो आणि किक पायावर आदळते. यासाठी हँडलवर एक छोटी दांडी दिलेली आहे: सुरू करताना ठिणगी उशिरा, वेग घेतल्यावर लवकर. आजच्या गाडीत संगणक करतो ते इथं डाव्या हाताच्या बोटांनी करायचं.

हे सगळं जमवताना पॉइंट नेमके कधी सुटतात ते बघायचं कसं? दोन पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरायचा आणि इंजिन हळूहळू फिरवायचं. कागद अडकलेला असतो, अडकलेला असतो, आणि एका क्षणी सुळकन निघून येतो. तीच ठिणगीची वेळ. त्या क्षणी पिस्टन वरपासून किती खाली आहे ते मोजलं, की टायमिंग हातात आलं.

मग तो दिवस उजाडतो. टाकीत नवं तेल, ताजं पेट्रोल. नळ उघडायचा. कार्ब्युरेटरवरची बारीक कळ पेट्रोल पाझरेपर्यंत दाबायची. हवेची दांडी बंद, ठिणगीची दांडी उशिराकडे, थ्रॉटल जेमतेम उघडं. पायाने किक हळू खाली दाबत न्यायची. एका ठिकाणी इंजिन पाय अडवतं. तिथं डाव्या हाताची लहान दांडी ओढायची, म्हणजे एग्झॉस्टचा व्हॉल्व्ह थोडा उचलला जातो आणि कोंडलेली हवा फुस्स करून निघून जाते. किक आणखी थोडी खाली न्यायची, दांडी सोडायची, किक वर येऊ द्यायची. आणि मग अंगाचं वजन टाकून एक पूर्ण, संथ, भरभक्कम किक.

पहिल्या चार-पाच किका रिकाम्या जातात. मग सायलेन्सरमधून एक खोकला येतो, निळसर धुराचं वलय उठतं, आणि पुढच्या किकेला इंजिन जागं होतं. धप्, धप्, धप्. मंद चालीला सेकंदाला पाचेक ठोके, एकेक मोजता येईल इतके सुटे.

यावेळी एक गोष्ट बघायला विसरू नये. तेलाच्या टाकीचं झाकण उघडून आत डोकावायचं. परतीच्या नळीतून तेल पिचकारीसारखं, थांबत थांबत उडताना दिसतं. पंप ओढतो आहे, तेल इंजिनभर फिरून परत येतं आहे. ते दिसलं की घशातला आवंढा खाली उतरतो.

मगाशी जी ठिणगी आपल्या पायाने पाडली, तिनेच मॅग्नेटोला पुढची ठिणगी पाडायला फिरवलं, आणि त्या ठिणगीने त्यापुढची. मॅग्नेटो आता इंजिनाला चालवतो आहे आणि इंजिन मॅग्नेटोला. आपला पाय जमिनीवर परत आलेला असतो, गुडघ्याला थोडी कळ असते, आणि ऐंशी वर्षांपूर्वी कुणी कामगाराने गुंडाळलेली तार समोर आपलं काम करत असते.